पाचारण

चौथ्या तासाला फळ्यावर लिहिलं: पाचारण.
खाली चार रकाने. धर्मगुरू, धर्मभगिनी, संसार,
एकटं राहणं लिहिताना खडू मोडला.
बाहेर नेब्रास्काचं बर्फ,
कत्तलखान्याच्या बाजूने पिवळं पडलेलं.

मी ती जुनी गोष्ट सांगत होते,
मंदिरात झोपलेला पोरगा, रात्री नावाने हाक,
तो धावतो म्हाताऱ्याकडे: मला बोलावलंत?
नाही रे. जा, झोप.

शेवटच्या बाकावर एदिल्सर इश्कोय झोपला होता.
हाक मारली. एकदा, दोनदा.
तिसऱ्यांदा शियोमारा म्हणाली, "मिस, राहू दे.
त्याला रात्री अकराला फोन येतो,
हाडं कापायच्या करवती धुवायला.
कागदावर तो बावीसचा आहे."
कोणी हसलं नाही.

त्याची बाही वर सरकलेली. मनगटावर
औषधाने भाजलेले ठिपके, गुलाबी, ओळीने.
जपमाळेसारखे, असं मनात आलं
आणि माझीच मला लाज वाटली.

सामाजिक न्याय नवव्या धड्यात आहे.
आम्ही अजून चौथ्यावर.

"पण मिस, हाक देवाची की मुकादमाची,
झोपेतल्याला कळतं कसं?"

मी त्याच्या डोक्यावरचा दिवा मालवला.
रकाने पुसले.
कामगार खात्याचा नंबर हजेरीपटामागे
तीन आठवडे लिहून ठेवलाय मी.
घरभाडं तोच भरतो, हेही ठाऊक आहे.

घंटेला वीस मिनिटं. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती.
कुणीतरी माझं नाव घेतल्यासारखं वाटलं
म्हणून मागे वळले.
फळा होता.