शिवणीतली चार बोटं

मडगावात, जुन्या बाजाराच्या मागल्या बोळात
माझं दुकान. एक मशीन, एक इस्त्री,
भिंतीवर शांतादुर्गेचं कॅलेंडर.
सेमिनरीची पोरं माप द्यायला येतात
ती आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.
मी म्हणतो, हात वर कर.

पांढरे झगे शिवतो मी. लोब म्हणतात त्याला.
बापही तेच शिवायचा.
पुढे तेहतीस बटणं. का, विचारलं होतं मी लहानपणी.
"तेवढीच वर्षं जगला त्यांचा देव," बाप म्हणाला,
"त्यातली शेवटची तीन कामाची. नीट लाव."

कापताना आत चार बोटं कापड जास्त सोडतो.
ही पोरं वाढतात.
दर मे महिन्यात उसवायला, वाढवायला येतात
तेव्हा मला कळतं तिथे काय शिकवतात.
लॅटिन मला येत नाही. कापड वाचता येतं.
पहिल्या वर्षी गुडघ्यांवर विरतं.
मग कोपरांवर, पुस्तकांमुळे.
मग एका साली खालची पट्टी तांबडी, काही केल्या न निघणारी:
खाणींकडच्या गावात आजाऱ्यांपाशी धाडलं होतं म्हणे.
एकाच्या उजव्या खांद्यावर घासल्याची रेघ होती.
पेटी खांद्यावर घेतल्याची.
त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

गेल्या जूनमध्ये कुडतरीहून पिदाद आली,
हातांना खाऱ्या मासळीचा वास,
बरोबर मुलगा, बोस्त्यांव,
मनगटं बाह्यांतून बाहेर पळालेली.
तिने रुमालाची गाठ सोडली.
पैसे तिचे एकटीचे नव्हतेच. ती सांगत गेली, मी वहीत लिहिलं:
सालू पोदेर, दर शनिवारच्या पावांतले.
बहारीनहून कुणी भाची, तीन हजार, नाव सांगू नका.
मिंगेल रेंदेर, माडावरून पडल्यापासून घरीच, तरी पन्नास.
आणि एक म्हातारी, दहाची अकरा नाणी,
साबणाने धुतलेली.

बेरीज नव्या झग्याइतकी झाली नाही.

माझी नजर कपाटाकडे गेली.
महिन्यापूर्वीच लाझार येऊन गेला होता, त्यांच्याच गावचा.
चार वर्षं तिथे काढून.
झगा धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
"मास्तर, माझ्याने होणार नाही."
मी चहा मागवला. तो रडला नाही.
बशीत ओतून प्याला, दोन कप.
त्याच्याही नावाने कुणी नाणी धुतली होती, आणि ते त्याला ठाऊक होतं.

सालू पोदेर त्याच आठवड्यात पँट आखूड करायला आला.
मी भीत भीत विषय काढला.
"भट्टीतला प्रत्येक पाव फुगत नाही," तो म्हणाला,
"म्हणून मी पीठ कमी मळू?
आणि पायाला एक इंच अजून कमी कर."

पिदादने झग्यावरून हात फिरवला.
"लाझार बरा आहे ना?"
बरा आहे. वेर्ण्याला कारखान्यात लागला.
"मग हाच दे. वापरलेलं कापड मऊ असतं."
लाझारला दोन बोटं लागली होती.
दोन अजून आहेत.

बत्तीस बटणं मी लावतो. शेवटचं
ज्याचं त्याने लावायचं, ही आमच्या दुकानाची रीत.
लाझारचं वाकडं होतं. मी ते ब्लेडने काढलं,
फेकलं मात्र नाही, डबीत ठेवलं.

बोस्त्यांव पायरीवर बसला, जीभ दातांत धरून.
तिसऱ्या टाक्याला सुई बोटात गेली
आणि पांढऱ्यावर एक लाल ठिपका उमटला.
आई पुढे झाली. मी तिला थांबवलं.
थंड पाण्याने धू, त्याला म्हटलं,
आत्ताच, स्वतःच्या हाताने.
गरम पाण्याने डाग बसतो.