सॉल्ट

सलाटवाड्याच्या नाक्यावर माझं दुकान.
सर्टिफिकेट काचेत, गणपतीच्या शेजारी,
दोघांना मिळून रोज एकच उदबत्ती.

हौसाबाई शिर्के दुपारी येतात, गर्दी नसताना.
चिठ्ठी चार घड्यांची, घडीवर अक्षर झिजलेलं:
प्रेशोनील चाळीस, एक महिना.
पंधराच्या पट्टीला दोनशे चौदा.
"आणि ती स्वस्तातली? रमीलाबेन म्हणते तसली?"
आहे. मागच्याच फळीवर, अठ्ठावीसला.
"सॉल्ट तेच असतं, काकू," मी म्हणून जाते.
"मीठ? मीठ तर बंद केलंय ना गं मला!"

हसून झाल्यावर नियम सांगावाच लागतो.
कागदावर कंपनीचं नाव असेल तर तेच द्यायचं.
नुसतं औषध लिहिलं असतं तर निवड माझी होती.
नाव बदलायचा हक्क मला नाही,
चार वर्षं शिकूनही नाही.

"नावाचं काय घेऊन बसलीस!
मी कराडची द्वारकी.
ताटात तांदूळ पसरून अंगठीनं हौसा लिहिलं,
तेव्हा कुठल्या डॉक्टरला विचारलं?
बाई तीच.
फक्त हाक मारली की पहिले दोन दिवस
मान वळायची नाही."

डॉक्टरांना फोन लावते. कंपाउंडर उचलतो:
"साहेब राउंडमां छे, सांजे करजो, बेन."

ती न वळलेली मान माझ्या डोक्यात राहते.
खरं तर फळीवरची प्रत्येक पट्टी
मी काही प्रयोगशाळेत नेलेली नाही.
एकानं मागे चिठ्ठी बदलून आणली, स्वस्तातली घेतली,
आठवड्यानं चक्कर येऊन पडला,
गोळीनं की मे महिन्यानं, कळलं नाही.
तेव्हापासून 'तेच' हा शब्द मी जपून वापरते.
आज निसटला.

रुमालाच्या गाठीतून ऐंशी रुपये निघतात.
"पाच दे. पुढचं पुढे."

पट्टीच्या पाठीवर नाव ठळक, निळं,
आणि खाली मुंग्यांच्या रांगेसारखं
आतलं जे खरं आहे ते.
कात्री कुठून चालवायची हे चिठ्ठीत नसतं.
मी मुंग्या त्यांच्या तुकड्यावर जाऊ देते,
कडेला पेनानं संपायची तारीख लिहिते.
"हे दाखवा साहेबांना. म्हणावं, एवढंच लिहा."

त्या तुकडा डोळ्यांशी नेतात.
"टेल्मी... टेल्मीसार... हे गं कुणाचं नाव?"

"माहेरचं," मी म्हणते,
गल्ल्यात नऊ रुपये सुटे शोधत.