वीज गेल्यावर

वीज गेली की आमच्या वडगावात
अख्खी गल्ली एकदम बहिरी होते.
शंभर माग एका दमात थांबतात,
धोटा अर्ध्या वाटेत,
आणि माणसं थोडा वेळ उगाच ओरडून बोलत राहतात.

भरमाण्णाचा माग मात्र थांबेना.
औषधाच्या पाचव्या महिन्यात म्हणाला,
'बंद कर की तो, किती सांगू.'
मी अंधारात लोखंडावर हात ठेवून दाखवला.
माग गार होता.
तो माझ्या हाताकडं बघतच नव्हता.

आधी पाय गेले.
म्हणजे आहेत, पण तळव्यांत निखारे.
रात्रभर बादलीत बुडवून बसायचा,
आणि दिवसा चप्पल कुठं सुटली ते कळायचं नाही,
एकच पायात घालून घरी.
मग बोटं.
तुटलेला धागा डोळे मिटून सापडायचा ज्याला,
त्याला दिसत असून हाताला लागेना.

मग माग बोलायला लागला.
कानडीत.
आमच्या घरात मराठी, सावकाराकडं कानडी,
शिव्या दोन्हीत;
पण हे शाळेच्या पुस्तकातलं कानडी, म्हणाला,
एक शब्द चुकत नाही:
ती तुला रोज सकाळी विष देते.

रोज सकाळी मीच तर देत होते.
मोजून. वर तांब्याभर पाणी.
गिळलं का बघायला
जीभ उचलायला लावून.

सासू म्हणाली, सौंदत्तीला नेऊ.
ईरव्वानं लिंबू उतरवून तिकाटण्यावर टाकलं.
मी सगळी पाकिटं सूत आणायच्या पिशवीत भरली
आणि त्याला घेऊन सिव्हिलला.
हुक्केरी डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
'यार मात्याडतार्री?' कोण बोलतंय?
तो माझ्याकडं बघत मराठीत म्हणाला,
'कोण नाही.'

बाईंनी पाकिटं टेबलावर मांडली,
पत्ते मांडावेत तशी,
आणि त्यातलं एक उचलून बाजूला ठेवलं.
'हे बोलतंय.'

बाकीची अजून चालू आहेत.
मी तांब्या पुढं केला की
न सांगता जीभ उचलून दाखवतो.
मी बघत नाही हल्ली,
किंवा बघते, पण खिडकीकडं तोंड करून.

काल परत वीज गेली.
दोघंही गप्प बसलो, कान देऊन.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
'थांबला गं.'
मग पाय बादलीत सोडले
आणि मला विचारलं,
पाणी गरम आहे की गार.