बावीस इंच

डेकोरेटरनं वहीत आकडा लिहिला
आणि वही माझ्याकडं फिरवली: अडतीस हजार.
फुलांची भिंत, दोन सिंहासनं, सेल्फीची चौकट,
वर एक हसू, फुकट.
मी मिरजेत एक्स-रेच्या खिडकीवर बसते,
किती मिळतात ते त्याला कशाला सांगू.
"बघून कळवते" म्हटलं, आणि घरी येऊन
आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री शोधली.

मालनमावशी म्हणाली, लग्न एकदाच होतं गं.
म्हटलं, हप्ते छत्तीसदा येतात.

सांगलीला गेले, गणपती पेठेत.
पाव किलो मोती, सोनेरी दोरा, थोडी टिकली.
दुकानदार म्हणाला, "होलसेलला नेताय का?"
"व्हय," म्हटलं, "एकाच नवऱ्याचं होलसेल."

मुंडावळ्यांना श्रेणिकच्या डोक्याचं माप पाहिजे होतं.
फोनवर विचारलं. आधी हसला,
मग बराच वेळ गप्प.
टेप नव्हता त्याच्याकडं. वायरमन माणूस.
तिसऱ्या दिवशी कवठ्याच्या एसटीतून
कंडक्टरच्या हाती पाकीट आलं:
आत लाल वायरचा तुकडा,
डोकं संपलं तिथं कापलेला.
बावीस इंच.
रात्री सगळे झोपल्यावर त्याचं कडं करून
स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघितलं.
भुवयांपर्यंत घसरलं आणि तिथंच थांबलं.
तोवर मला त्याची उंची ठाऊक होती, पगार ठाऊक होता.

कुणी न्यायला न आलेल्या जुन्या फिल्म
साहेबांना विचारून आणल्या, रांगोळीचे छाप कापायला.
बल्बसमोर धरलं की कुणाचं मनगट,
कुणाच्या बरगड्या.
कमळ नेमकं एका छातीच्या मधोमध आलं.
नाव पुसलेलं.
बरा झाला असंल, म्हणत म्हणत
पाकळी पाकळी कातरली.

पलीकडच्या गल्लीत मकबूलचाचा सतारी करतात.
त्यांच्या माळ्यावर तडकलेले भोपळे, धूळ खात.
एकेक उतरवून बोटानं ठोकला, कान लावला.
"सुराला नाहीत हे. उजेडाला चालतील."
भोकं पण त्यांनीच पाडली, दोन संध्याकाळी बसून,
"तू फोडशील" म्हणत.
पैशाचं काढलं तर, तारेतला केसभर फरक ओळखणारा माणूस,
ऐकायला येईना झाला.

तर असं सगळं जमलं.
भोपळ्यांत दिवे लागले, दारात कमळ उमटलं,
अंतरपाटावर मी टाचलेलं स्वस्तिक
जरा डावीकडं कललं होतं, पण होतं.
आणि नवरदेव आला
फेटा बांधून.

फेटा!
तो कुणी मोजला होता?
मुंडावळ्यांची टोकं मागं भेटेनात,
मध्ये चार बोटं गुलाबी कापड.
मालनमावशीनं कपाळावर हात मारला.
मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बाई घसा खाकरून थांबल्या,
उपाध्ये घड्याळाकडं बघायला लागले,
आणि कुणीतरी, बहुतेक त्याचा चुलता, म्हणालाच,
"विकतच्या आणल्या असत्या तर?"

मी पर्समधनं वायर काढली.
का आणली होती ते विचारू नका.
श्रेणिकनं ती बघितली, ओळखली.
"आण," म्हणाला, "जॉइंट मी मारतो."
दातानं टोकं सोलली, हात मागं नेऊन
न बघता पीळ दिला,
दोन इकडं, दोन तिकडं.
मोती जरा हलले आणि कपाळावर बसले.

अंतरपाट धरला गेला.
पलीकडून मला फक्त फेट्याचा तुरा दिसत होता
आणि मालनमावशीच्या शालूवर
भोपळ्यातून सांडलेले उजेडाचे ठिपके,
जे ती धूळ समजून झटकत होती.

फोटोत त्याच्या कानामागं लाल शेपूट दिसतं.
फोटोवाला म्हणाला, "पुसून देतो, त्याचे पैसे नाहीत."
नको म्हटलं.