नात्याचा रकाना

टायपिंग सेंटरचा मोयदू कीबोर्डवरची बोटं न उचलता विचारतो,
"रिलेशन?"
रुवीतली दुपार. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
काचेपलीकडे डोंगर, जळक्या तव्याच्या पाठीसारखे.

माझं टाइप करून झालंय : वृंदा दत्ताराम नागवेकर, वय एकसष्ट,
लॅब टेक्निशियन, बताका संपायला अडीच महिने.
हिचंही झालंय : झुलेखा इब्राहिम पेवेकर.
माझी आममुखत्यार. माझ्या वतीने बँकेत भांडणारी,
चिपळूणचा फ्लॅट विकणारी, किंवा न विकणारी.
रकाना मात्र दीड इंचाचा.
बहीण लिहावी तर आडनावं आड येतात.
एकोणीस वर्षं समोरासमोर दारं,
तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजते,
ती जिन्यावरची माझी पावलं.

"फ्रेंड लिहू?"
झुलेखा फणकारते, "फ्रेंडला कोणी लॉकरची किल्ली देतं काय?"
मोयदू फ्रेंड लिहितो.

हे सगळं त्या कारखानीसांमुळे.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यांची बेरीज केलेला माणूस.
झटका आला आणि सही बदलली,
बँक म्हणाली, हे ते नव्हेत.
खात्यात पैसे होते,
आणि मुलगा कॉरिडॉरमध्ये बिलासाठी वर्गणी गोळा करत होता.
मी त्यांचं रक्त काढलं.
नळीवर नाव, तारीख, नंबर, सगळं बरोबर.
नळीला माहीत होतं ते कोण आहेत.

रात्री रत्नागिरीहून वकील शृंगारपुरेंचा फोन.
"मॅडम, एक सांगायचं राहिलं.
मुखत्यारपत्र तुमची बुद्धी शाबूत आहे तोवर.
ती गेली की कायद्याने मुखत्यारीही गेली.
मग कोर्ट, डॉक्टरचा दाखला, पालक नेमणूक, तारखा."
"म्हणजे पाऊस लागला की मिटणारी छत्री?"
"तसंच समजा. जे उरकायचं ते आधी उरकून ठेवा."

आधी म्हणजे कधी?
वकिलातीचा शिक्का ओला असतानाच
आम्ही करक चहा घेऊन पायरीवर बसलो हे ठरवायला.
मी म्हटलं, चष्मा हरवायला लागले की.
ती म्हणाली, मग तू आल्या दिवसापासून गेलेली आहेस.
बरं, घरचा रस्ता चुकले की.
रस्ते इथे नगरपालिकाच चुकवते, दर सहा महिन्यांनी.
बरं, तुझं नाव विसरले की.
ती चहाच्या कागदी कपाची कड दाताने कुरतडत राहिली.
"नाव विसरलीस तरी चालेल.
माझ्या सासूने मला शेवटची तीन वर्षं मरियम म्हटलं, मी ओ देत होते.
पण ज्या दिवशी तू मला
'तुम्ही' म्हणशील ना,
त्या दिवशी मी समजेन."

शिक्का वाळला. मी कागद पर्समध्ये घातला,
हिमोग्लोबिनच्या जुन्या रिपोर्टशेजारी.

परवा थट्टेत म्हणणार होते.
फोन उचलून, आवाज बदलून, आपण कोण बोलताय?
तोंडापर्यंत आलं होतं.
गिळलं.

आता तर अनेकवचनही टाळते मी.
शुक्रवारी ती सुनेला घेऊन आली, हातात घावन्यांचा डबा.
दार उघडून मी आधी तिला विचारलं, जेवलीस का तू?
मग सुनेकडे वळून,
वेगळं,
आणि तू?
सून हसली, म्हणाली, मावशी, एकदाच विचारा की दोघींना.
झुलेखा काही बोलली नाही.
चपला काढायला तिला
जरा जास्तच वेळ लागला.