पाचवीला पुजलेली

टू हार्बर्समध्ये माझं केस कापायचं दुकान आहे.
दोन खुर्च्या, त्यातली एक चालू.
खिडकीतून सरोवर दिसतं, आणि डिसेंबरात
सरोवराच्या जागी नुसता एक राखाडी आवाज.

शनिवारी ऐनो लाहतेला येतो, कापण्यासारखं काही नसताना.
रूडी स्कोरिच येतो. थोरा येते,
नवऱ्याला खुर्चीत बसवते आणि स्वतःच बोलते.
विषय ठरलेला: लँटर्न कौंटी.
पाच वाजवणारे, सहा रेकॉर्डी,
आणि पन्नास वर्षं न मिटलेला तंटा.

ऐनो म्हणतो, दुसरी. दुसरीच्या पुढे काही नाही.
तपकिरी कव्हर, गोठ्यात बसून वाजवलेली,
कान देऊन ऐकलंस तर तिसऱ्या गाण्यात
गाय हंबरते.
रूडी म्हणतो, ती गाय नाही, ट्रॉम्बोन आहे,
आणि ट्रॉम्बोनवाला पिऊन आला होता.
रूडीचं मत पहिलीला. नंतर त्यांना पैसा कळला,
आणि पैसा कळलेल्या माणसाचा ठेका
अर्धा श्वास आधी पडतो, म्हणतो.
चाळीस वर्षं खाणीत काढलीत त्याने. ठेका त्याला कळतो.
पैसा कधी कळला नाही.

थोरा तिसरीवाली.
तिसरीत ते पहिल्यांदा लाजले नाहीत, एवढंच सांगते
आणि स्वतः थोडी लाजते.

चौथीवरून ऐनो आणि त्याचा भाऊ
तीन वर्षं बोलत नव्हते.
मध्ये जमिनीचाही काही मामला होता,
पण ऐनो चौथीच सांगतो.

पाचवीवर मात्र एकमत.
लीलँड सोडून गेल्यावरची. बटणं दाबून काढलेली व्हायोलिनं,
प्लास्टिकचे ढोल.
नुसत्या पाट्या टाकल्यात, ऐनो म्हणतो.
रूडी हात झटकतो, काहीतरी चिकटल्यासारखे.
थोराचा नवरा, जो कशावरच बोलत नाही,
तोसुद्धा जोरात मान हलवतो
आणि मला कात्री वर उचलून धरावी लागते.

न्हाव्याने बाजू घेऊ नये.
माझ्या हातात पातं असतं, समोर कुणाचा तरी कान.
मान खाली, म्हणतो मी.

माझ्याकडे एक फोर्ड होती.
तिच्या टेपमध्ये पाचवी अडकली, एका ऑक्टोबरात,
आणि निघेना.
स्क्रूड्रायव्हर, चिमटा, शिव्या, सगळं करून झालं.
एकच बाजू वाजायची, संपायची,
खरखरत पुन्हा पहिल्या गाण्यावर यायची.
अकरा हिवाळे.
काचेवरचा बर्फ खरवडताना ती,
बॅटरी उतरत आली तरी घोगऱ्या गळ्याने ती,
मर्नाला डुलुथच्या हॉस्पिटलात नेताना ती,
मंगळवारी आणि शुक्रवारी, सत्तावीस मैल.
दुसऱ्या फेरीतलं दुसरं गाणं
नेमकं लेस्टर नदीच्या पुलावर लागायचं
आणि मर्ना त्या प्लास्टिकच्या ढोलाबरोबर
हातमोज्यातली बोटं डॅशबोर्डवर आपटायची.
किती वाईट आहे रे हे, म्हणायची.
आवाज वाढव.

पुढे गाडी विकली. कॅसेट तिच्यातच गेली.
सिल्व्हर बेचा एक पोरगा घेऊन गेला,
टायर लाथेने तपासले, हीटर लावून पाहिला,
टेपचं विचारलं नाही.
मीही बोललो नाही.

परवा ऐनो म्हणाला,
पाचवीची दुसरी बाजू तर पहिलीहून भिकार,
आणि शेवटचं गाणं, देवा रे.
असेल.
मी ती बाजू कधी ऐकलेली नाही.

मानेवरचे चार केस ब्रशने झटकले,
टॉवेल काढला, आरसा मागे धरला.
चौदा डॉलर, म्हटलं.
त्याने पंधरा दिले
आणि नेहमीसारखा
उरलेल्या एकासाठी उभा राहिला.