ठळक ळ

चोपड्याला आमच्या छापखान्यात
ठळक लाकडी टाइपाचा एकच संच होता,
पुण्याहून आलेला, गोणपाटात बांधून.
क दहा, र बारा,
आणि ळ एक.

ज्यानं हा हिशोब केला
त्यानं आमचा नकाशा पाहिला नसावा.
जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव.
वर केळी.
एका ओळीसाठी कागद दोनदा चढवायचा,
ळ उपटायचा, पुढच्या भोकात बसवायचा,
पुन्हा ट्रेडलवर पाय मारायचा.

बरं, बोलताना तो लागतच नाही कुणाला.
जयगाव. केयी. डोया. काया.
ळ राहायचा फक्त कागदावर,
खुर्चीवर बसवलेल्या पाहुण्यासारखा.

धुडकू मिस्तरी म्हणाला, मी कोरी देस.
जुना ळ हातात फिरवला, उलटा, सुलटा:
हाऊ त इंग्रजी आठ शे भो, आडवा पडेल.
लाकूड आणलं तेल्याच्या मोडक्या घाण्याचं, चिंचेचा गाभा,
इतका तेल प्यालेला
की पहिले शंभर कागद डागाळले.

तीन आठवडे लागले.
आधी घरी, चुलीमागच्या भिंतीवर, कोळशानं.
मला वाटायचं जाड अक्षर म्हणजे काळं वाढवायचं.
तो भांडत होता पांढऱ्याशी.
जाड अक्षराचं दुखणं पोटात असतं,
शाई आत उतरते, भोकं बुजतात,
रस्त्यापलीकडून नुसता डाग दिसतो.
त्यानं रेघ रुंद ठेवली आणि दोन्ही डोळे सताड उघडे,
जुन्याशेजारी नवा ळ
जरा दचकलेला वाटायचा.
रेघेचं टोक तिरपं,
कोयत्यानं घड उतरवल्यावर दांडा राहतो तसं.
आणि टोकाला एवढीशी टाच.
टाच कशाला, मी विचारलं.
म्हणाला, अनवाणी मानूस सभामा मांगे उभा ऱ्हास.

दोन ळ झाले आणि आम्ही सुटलो.
केळीचे भाव, रोज पहाटे.
गाळा भाड्याने देणे आहे.
विहिरीचा गाळ काढणे चालू, पोरांनी वाकू नये.
म्हैस हरवली, कपाळावर पांढरा टिळा,
आणि चार दिवसांनी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात,
म्हैस मिळाली.
भिला पाटलाला लग्नपत्रिका अख्खी ठळक हवी होती,
सातही भाच्यांसकट.
रतनशेठनं एकच ओळ दिली.
सगळेच ओरडले तर नवरदेव कोण ते कळेल का, म्हणाले.
पाटील महिनाभर रुसले.

पुढं ऑफसेट आलं, मग फ्लेक्स.
तिथं कुणीही कितीही जाड होतो, लाकूड लागत नाही.
संच बंबात गेला, थंडीच्या एका महिन्यात.
दोन-चार अक्षरं मी वाचवली,
का तीच, सांगता येणार नाही.
एक ह, एक म, एक काना.
आणि तेलकट ळ.

धुडकू गेला तेव्हा ट्रेडल अजून विकलं नव्हतं.
दुखवट्याचा कागद मीच जुळवला.
बाकी नाव शिशाच्या खिळ्यांत, लहान.
आडनावातलं एकच अक्षर दोन इंच उंच,
शेजारच्यांच्या डोक्यावरून बघणारं.
चूक होती. रतनशेठ असते तर फाडला असता.

सुपडाबाईंना वाचता येत नाही.
त्यांनी कागद उजेडाकडे धरला,
बोट ओळीवरून नेलं
आणि त्या एका अक्षरावर थांबल्या.
हाऊ मन्ही भीतवर व्हता, म्हणाल्या.
दोनदा सारवलं तरी जाये ना.

मी ओळ वाचून दाखवली, धुडकू उखा माळी.
हा, म्हणाल्या, मायी.
शाई ओली होती अजून.
बोट त्यांनी लुगड्याला पुसलं
आणि विचारलं, असे किती काढशी?